आखाडाची पंगत, बाटलीविना

(रेडिओवरील भाषण)



चुलीपाशी रेडिओ लावून बसला असाल तर आवाज जरा मोठा करा. आजचं बोलणं घरातल्या दादांनी, भावजींनी आणि मामंजींनीही ऐकावं असं आहे.

आखाड चालू आहे. लेकी माहेरी येतायत, जावई येतायत, घरोघरी तळण निघतंय. आखाड सरताना जी अमावास्या येते, तिला आपल्या आज्या दिव्याची अवस म्हणायच्या. घरातल्या समया, निरांजनं, कंदील खाली काढायचे, घासून-पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं. कणकेत गूळ घालून दिवे वाफवायचे आणि तुपाबरोबर खायचे. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. आता त्याच दिवसाला सगळे गटारी म्हणतात. दिव्याच्या दिवसाला हे नाव का पडलं, ते कुणी समजावून सांगायला नको.

मटणाबद्दल माझं काही म्हणणं नाही बरं का. श्रावण पाळायचा म्हणून आदल्या दिवशी रस्सा-भाकरी खावी, चार पाहुणे बोलवावेत, यात आनंदच आहे. मी बोलणार आहे ती मटणामागून येणाऱ्या बाटलीबद्दल. आणि ती काही आखाडातच येते असं नाही. गावच्या जत्रेला येते, हळदीला येते, भाऊबीजेलासुद्धा येते.

मागच्या वेळचा दिवस जरा डोळ्यांपुढे आणा. पाहुणे चारला आले. मटणाचा वाटा पाचला घरी आला. मग आपण कांदा चिरायला बसलो, खोबरं भाजलं, वाटण काढलं. बापयांना काम काही नाही. दुपारपासून कुणाच्या पोटात काही नाही. दिवे लागणीला एकजण उठला, ‘जरा जाऊन येतो’ म्हणाला, त्याच्या मागं आणखी तिघं उठले. कुणी गच्चीवर, कुणी गोठ्यामागं, कुणी मोटारीच्या खोलीवर. थोड्या वेळानं पोरगं निरोप घेऊन आलं, ‘काकू, चखण्याला कलेजी तळून मागितलीय.’ ती आपणच तळली आणि आपणच पाठवली. जेवण नऊला तयार झालं, पण वर गेलेले खाली येईनात. अकराला आले. एकानं बांधावरचं जुनं भांडण काढलं, एकानं ताटावरच मान टाकली. पोरं उपाशी झोपली. आपण बायका बाराला गार भाकरी मोडली, आणि लेक माहेरपणाला आली होती तिच्याशी दोन शब्द बोलायचे राहून गेले.

या सगळ्यात दारूला वाट कुठं सापडली, बघा. पोट रिकामं होतं, हात रिकामे होते, आणि बसायला एक आडोशाची जागा होती. मी असं म्हणत नाही की दोष बायकांचा. पिणाऱ्याचं पिणं हे त्याचंच. पण ‘आणू नका’ एवढं सांगून बाटली थांबत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. सणाचा दिवसच वेगळा मांडावा लागतो. तो कसा, ते सांगते.

पहिली गोष्ट जेवणाच्या वेळेची. पंगत साडेसातला बसली पाहिजे. त्यासाठी कांदा-खोबऱ्याचं वाटण आदल्या रात्री करून ठेवा. मटण सकाळीच आणायला सांगा. पाहुणे आले की चहावर थांबवू नका. मटण शिजलं की त्याचं अळणी पाणी निघतं, ते मीठ आणि मिरपूड घालून पेल्यात गरम गरम द्या. बरोबर आखाडाचं तळण आहेच. तिखटमिठाच्या पुऱ्या, कापण्या, शेंगदाणे. पोटात गरम काही गेलं आणि हातात पेला आला, की ‘जरा जाऊन येतो’ म्हणणाऱ्याची घाई निम्मी होते.

दुसरी गोष्ट कामाची. जत्रेत मोठ्या भांड्यातलं मटण कोण शिजवतं? आपले बापयेच ना? मग घरी का नाही? अंगणात तीन दगडांची चूल मांडून द्या आणि सांगा, ‘भावजी, आज रस्सा तुमच्या हातचा.’ एकाला जाळ बघायला सांगा, एकाला कांदा चिरायला, एकाला पंगतीच्या सतरंज्या टाकायला. ज्याच्या हातात काम आहे आणि ज्याच्या हातच्या चवीची पंगतीत चर्चा होणार आहे, तो सहसा उठून जात नाही. आणि आपल्यालाही लेकीजवळ बसायला तासभर मिळतो, हा फायदा वेगळाच.

तिसरी गोष्ट जागेची. बसणं एकच, सगळ्यांचं मिळून. ओसरीवर नाहीतर अंगणात. आजीपासून नातवापर्यंत सगळे तिथंच. गच्चीला कुलूप, मोटारीच्या खोलीलाही कुलूप. आणि दिव्याची अवस आहे, तर घासलेले सगळे दिवे अंधार पडताच अंगणात लावा, पोरांना ओवाळा. जेवणानंतर भजन असेल तर भजन, फुगडी असेल तर फुगडी. पैसे न लावता पत्ते खेळा. म्हातारीला जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावा, मोबाइलमध्ये भरून घ्या. तिच्या मागं त्या कुणाला यायच्या नाहीत.

चौथी गोष्ट पेल्याची. पाहुण्याच्या हातात काहीतरी द्यायचं ही आपली रीत आहे, आणि ती चांगलीच आहे. पावसाळी हवेत आलं आणि गवती चहा घालून उकळलेला चहा द्या. कुळथाचं कढण द्या. जेवणाबरोबर कोकणात सोलकढी असतेच, देशावर मठ्ठा आहे. उन्हाळ्यातल्या जत्रेला पन्हं. पण कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्या आणि सोडा मात्र आणून ठेवू नका. त्यात दारू मिसळली तर कुणाला कळत नाही, आणि तीच बाटली तहानलेलं पोरगं तोंडाला लावतं.

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे आमंत्रणाची. ‘आमच्याकडं दारू नाही’ हे पाहुणा दारात आल्यावर सांगू नका. आमंत्रण देतानाच सांगा, आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं सांगावं. सुनेनं सांगितलं तर तो तिचा तोरा ठरतो, आत्याबाईंनी सांगितलं की ती घराची रीत ठरते. फोनवर एवढंच म्हणायचं, ‘दाजी, अवसेला सगळ्यांना घेऊन या. सातला पंगत आहे. यंदा आमच्या घरी बाटली नाही, पण रस्सा पोटभर आहे.’ झालं. कारण सांगत बसू नका. कारण सांगितलं की वाद सुरू होतो.

आता तुम्ही म्हणाल, एकटीनं ठरवलं तर घरात मार बसेल. खरं आहे. म्हणून एकटीनं ठरवू नका. गट कशासाठी आहे? दहा घरांनी एकाच दिवशी एकच ठरवलं, तर ‘अमकीनं मला अडवलं’ असं कुणाला म्हणता येत नाही. ‘आळीतच यंदा नाही’ असं म्हणता येतं. नवऱ्यालाही मित्रांपुढं सांगायला तोंड राहतं. बऱ्याच बापयांना मनातून नको असतं, पण पहिल्यांदा नाही कुणी म्हणायचं, हा प्रश्न असतो. गटाच्या ठरावानं त्यांचीही सुटका होते.

आमच्या गटातल्या एका ताईची गोष्ट सांगते. तिच्या भावानं दारू सोडून आठ महिने झाले होते. तिनं आखाडाला बोलावलं, तर तो येईना. ‘तिथं सगळे बसणार, मला आग्रह करणार, मी नाही येत,’ म्हणाला. ताईनं नवऱ्याशी बोलून घेतलं, जावांशी बोलली, आणि भावाला परत फोन केला, ‘दादा, तू येणार म्हणून त्या दिवशी घरात थेंब येणार नाही. आणि पंगतीला वाढायला तूच आहेस.’ तो आला. रात्री नऊपर्यंत थांबला, सगळ्यांना वाढलं, भाच्यांना घेऊन बसला. मोठं काही घडलं नाही, कुणी भाषण केलं नाही. पण त्या माणसाला बहिणीच्या घरी बसून जेवता आलं. हे थोडं आहे का?

ज्यानं दारू सोडली आहे, त्याला पहिला घोटच घातक असतो. ‘आज सणाचं एवढंच घे’ म्हणणारा माणूस त्याला आठ महिने मागं ढकलतो. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. अशा केंद्रांतून बरा होऊन माणूस घरी येतो, तेव्हा खरी परीक्षा घरीच सुरू होते. लग्न, जत्रा, सण, हेच अवघड दिवस. म्हणून अशा पाहुण्याला काम द्या, गर्दीत एकटं सोडू नका, आणि त्याला लवकर निघायचं असेल तर ‘इतक्यात कुठं’ म्हणून अडवू नका. चारचौघांत ‘हा आता पीत नाही हं’ असं कौतुकही करू नका. त्याला ते टोचतं.

आता टोमण्यांबद्दल. ते येणारच. ‘दारूशिवाय कसली मजा?’ कुणी म्हणालं तर हसून म्हणा, ‘भावजी, आधी रस्सा चाखा, मग सांगा.’ ‘पाहुण्यांचा मान राहिला नाही,’ असं कुणी म्हणालं तर आत्याबाईंनी म्हणावं, ‘मान ताटात वाढलाय, बसा.’ ‘देवाला लागते,’ असं कुणी म्हणालं तर भांडू नका. ज्या समाजात देवाला दारूचा मान आहे, तिथं तो मान थेंबानं पुरा होतो. उरलेली बाटली देवानं मागितलेली नसते.

काही समज आपल्या मनात घर करून बसलेत, तेही जरा झाडून काढू. पावसाळ्यात दारूनं ऊब येते म्हणतात. प्रत्यक्षात कातडीजवळचं रक्त वाढतं म्हणून गरम वाटतं, आणि अंगातली ऊब उलट बाहेर जाते. काळी कॉफी, लिंबू, दही किंवा डोक्यावर पाणी, यानं चढलेली उतरते म्हणतात. यातल्या कशानंही रक्तातली दारू कमी होत नाही, तिला उतरायला तासच जावे लागतात. म्हणून ‘लिंबू चोखलं, आता गाडी चालवतो’ म्हणणाऱ्याची चावी काढून घ्या. दारू पिऊन गाडी चालवली तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि गेलेला जीव तर कशानंच परत येत नाही. थोडी घेतली तर तब्येतीला चांगली, असंही म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे की दारूचं कुठलंच प्रमाण तब्येतीला सुरक्षित नाही.

आता चार गोष्टी नीट कान देऊन ऐका, या जिवाशी आहेत.

एक. जो माणूस रोज सकाळ-संध्याकाळ पितो, त्याची दारू सणाच्या नावानं एकदम तोडू नका. अशा माणसाला काही तासांतच हातपाय थरथरणं, घाम, उलट्या सुरू होऊ शकतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भास होतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, आणि यात जीवही जाऊ शकतो. त्याला आधी डॉक्टरकडं न्या, औषधाखाली सोडवा. सरकारी रुग्णालयात विचारा, किंवा व्यसनमुक्तीच्या १४४४६ या मोफत नंबरवर फोन करा.

दोन. ‘दारू सोडवायची पावडर’ गुपचूप जेवणात घालू नका. अशा काही पुड्यांत जे औषध असतं त्यावर दारू प्यायली, तर छाती धडधडते, रक्तदाब एकदम खाली जातो, माणूस दगावू शकतो. ते औषध डॉक्टरच देतात, आणि तेही घेणाऱ्याला सांगून, त्याच्या मर्जीनं.

तीन. कुणी पिऊन निपचित पडला, तर ‘झोपू दे’ म्हणून दार लावून घेऊ नका. त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तर घशात अडकणार नाही. तोंडात पाणी, ताक काही ओतू नका. जवळ कुणीतरी बसा. हलवून जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडलं असेल, तर १०८ नंबरला गाडी बोलवा.

चार. हातभट्टीची किंवा ठिकाण माहीत नसलेली दारू प्यायल्यावर कुणाला धूसर दिसायला लागलं, पोटात कळ आली, तर सकाळची वाट बघू नका, तसंच दवाखान्यात न्या. २०१५ साली मुंबईत मालवणी भागात विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. त्यातली बहुतेक कष्टाची माणसं होती.

आणि एवढं करूनही एखादा पिऊन आलाच तर? त्याच्याशी त्या रात्री वाद घालू नका. शुद्धीत नसलेल्याला समजावून काही उपयोग होत नाही, उलट हात उगारला जातो. पोरांना शेजारच्या घरी पाठवा, विळी-कोयता नजरेआड ठेवा, स्वतः चार माणसांत थांबा. मारहाण झाली तर पोलिसांचा नंबर ११२, महिलांच्या मदतीचा १८१. घरातल्या हिंसेपासून संरक्षण देणारा कायदा २००५ सालापासून आहे. नवरा सणाला प्यायला होता म्हणून मार माफ होत नाही. जे बोलायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा देऊन, शांतपणे, जमलं तर एखाद्या वडीलधाऱ्याला बसवून बोला.

पोरांबद्दल एक सांगायचं राहिलं. आपल्या पोरांनी पहिला घोट कुठं घेतला, ते विचारून बघा. गुत्त्यावरच असं नाही. अनेकदा घरच्याच कार्यक्रमात, मामा नाहीतर चुलत्यानं ‘आता तू मोठा झालास’ म्हणून दिलेला असतो. आपल्या राज्यात बिअरला २१ वर्षं आणि त्यापुढच्या दारूला २५ वर्षं वय लागतं. पण कायद्यापेक्षा मामाचा शब्द पोराला मोठा वाटतो. म्हणून त्या मामाला आधीच सांगून ठेवा, ‘दादा, भाच्याला काय शिकवायचं ते कुस्ती शिकव, पोहायला शिकव. हे मात्र शिकवू नकोस.’ बहिणीचं एवढं भाऊ ऐकतो.

आणि ज्या घरांत बायकाही घेतात, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे, त्यात लाज देण्यासारखं काही नाही. फक्त पोटात बाळ असेल तर एक थेंबसुद्धा नको. बाळाच्या मेंदूवर होणारा परिणाम जन्मभर राहतो.

तायांनो, आपल्या राज्यातल्या कितीतरी गावांतल्या बायकांनी मतदान करून आडव्या बाटलीचा कौल दिला आणि दारूचं दुकान बंद पाडलं. ती लढाई मोठी, तिला अर्ज लागतात, मतं लागतात. घरातली पंगत मात्र आपल्या हातात आहे, आणि तिला फक्त एक बैठक लागते.

तर येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एवढं करा. पहिलं, अवसेच्या दिवशी कोणकोणती घरं मिळून ठरवणार, त्यांची नावं वहीत लिहा. दुसरं, कुणाच्या घरी दारू सोडलेलं माणूस येणार आहे ते एकमेकींना विश्वासात घेऊन सांगा, आणि ती गोष्ट गटाबाहेर जाऊ देऊ नका. तिसरं, कुणाच्या घरी मारहाणीची भीती आहे, तिच्याजवळ त्या रात्री कोण दोघी असणार, ते ठरवा. चौथं, गेल्या सणाला घरात किती बाटल्या आल्या ते आठवा, भाव तुम्हाला ठाऊकच आहे, गुणाकार करा. तो आकडा आपल्या महिन्याच्या बचतीशेजारी लिहा आणि वही घरी नेऊन दाखवा. आणखी काही बोलायची गरज पडणार नाही.

यंदा सगळ्यांचं जमेलच असं नाही. दहातल्या चार घरांनी केलं तरी चार घरची पोरं वेळेवर जेवून झोपतील, चार लेकी आईशी पोटभर बोलून सासरी जातील. पुढच्या आखाडाला बाकीच्या सहाजणी विचारायला येतील, ‘तुम्ही काय केलं होतं गं?’

चला, वाटण आदल्या रात्री करायला विसरू नका. दिव्याच्या अवसेच्या तुम्हा सगळ्यांना शुभेच्छा. नमस्कार!